रडारची जुनी लष्करी मॅन्युअलं जमवायची आहेत. घेताना नेमकं काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धातल्या रडारची मूळ मॅन्युअलं परदेशातून मागवायची आहेत, राहायला मुंबईत समुद्राजवळ आहात, आणि आत्तापर्यंत घेतलेल्या दोनपैकी एकात मुख्य सर्किटचा आराखडाच सापडत नाही.

सर्किट सापडत नाही, कारण ते शेवटच्या घडीच्या (उलगडून मोठ्या होणाऱ्या) पानांवर होतं आणि ती पानं कुणीतरी काढून घेतली आहेत. त्यात नवल काही नाही. दुरुस्तीला बसलेला माणूस पुस्तक मांडीवर घेऊन बसत नाही, हवं ते पान सुटं करून समोर टांगतो. रडारचं मॅन्युअल हे वाचून कपाटात ठेवायचं पुस्तक कधी नव्हतंच. नवी पानं घाल, जुनी काढ, पेनाने आकडे खोड, असं चालणारी ती फाईल होती. म्हणून मुखपृष्ठ किती स्वच्छ आणि साल किती जुनं हे नंतर बघा. आधी दोनच गोष्टी: फाईल पूर्ण आहे का, आणि कुठल्या तारखेपर्यंत सुधारलेली आहे.

त्यासाठी क्रमांक वाचता यायला हवेत. अमेरिकी लष्कराच्या टीएम (टेक्निकल मॅन्युअल) मालिकेत ११ हा आकडा सिग्नल कोअरचा, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन शाखेचा. एससीआर-५८४ घ्या. सुमारे १० सेंटीमीटर लहरीचं, ६ फुटी तबकडीचं, विमानविरोधी तोफांना दिशा देणारं हे रडार १९४४ च्या फेब्रुवारीत इटलीत आन्झिओला लढाईत उतरलं. ते चालवण्याचं पुस्तक टीएम ११-१३२४ आणि सिद्धांत-दुरुस्तीचं टीएम ११-१५२४. शेवटचे २४ दोन्हीकडे तेच, त्याआधीचे १३ आणि १५ काम सांगतात. विक्रेता नुसतं ‘५८४ चं मॅन्युअल’ म्हणाला तर यातलं कुठलं, हा पहिला प्रश्न. चालवणाऱ्याच्या पुस्तकात बटणं आणि पडदे असतात. मॉड्युलेटर (स्पंद घडवणारा भाग) किंवा रेंज सर्किट (अंतर मोजणारं) समजून घ्यायचं असेल तर ते तुमच्या कामाचं नाही.

यंत्रांना नावं देण्याची, १९४३ पासून लष्कर आणि नौदल मिळून वापरत असलेली एएन (आर्मी-नेव्ही) पद्धत अक्षरांनी बोलते. एएन/एपीएस-१५ मध्ये ए म्हणजे विमानातलं, पी म्हणजे रडार, एस म्हणजे शोध घेणारं. (रडारला पी, कारण आर हे अक्षर रेडिओकडे गेलेलं.) नौदलाच्या पुस्तकांवर नॅव्हशिप्स क्रमांक असतो. पुढच्या काळातल्या अमेरिकी हवाई दलाच्या टेक्निकल ऑर्डरमध्ये १२पी म्हणजे विमानातलं रडार आणि ३१पी म्हणजे जमिनीवरचं. शेवटची -१ चालवण्याची, -२ दुरुस्तीची, -३ ओव्हरहॉलची (पूर्ण खोलून केलेल्या दुरुस्तीची), -४ सुट्या भागांची सचित्र यादी. ही -४ लोक कंटाळवाणी म्हणून सोडून देतात. माझ्या मते ती सर्वांत आधी घ्यावी, कारण यंत्राचा एकेक स्क्रू कुठे बसतो ते फक्त तिथेच दिसतं. ब्रिटिश बाजूला पुस्तकांच्या मालिका तीन: हवाई दलाच्या एपी, नौदलाच्या बीआर आणि लष्कराच्या ईएमईआर. एपीचे खंड वेगवेगळे विकले जातात, तेव्हा कुठला खंड ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

सुरुवात कुठून करावी, तर एका यंत्राच्या मॅन्युअलपासून नको. १९४४ साली अमेरिकी लष्कर आणि नौदल यांनी रडारच्या मूलतत्त्वांवरचं एकच पुस्तक दोन क्रमांकांखाली काढलं: टीएम ११-४६७ आणि नॅव्हशिप्स ९००,०१७. त्याची स्कॅन प्रत इंटरनेटवर फुकट मिळते. ते वाचलेलं असेल तर बाकीची मॅन्युअलं पटापट उलगडतात, आणि मूळ प्रत घेताना स्कॅनशी पानोपान ताडून बघायचा सरावही होतो.

आता ताडून बघणं कसं. विक्रेत्याकडून पाच फोटो मागवा: शीर्षकपान, त्याच्या मागची बाजू, चित्रांची यादी, सुधारणांचा तक्ता आणि शेवटून उघडलेलं पुस्तक. शीर्षकपानावर तारीख आणि ‘हे मॅन्युअल अमुक क्रमांकाच्या अमुक तारखेच्या प्रतीऐवजी’ अशी ओळ असते. नौदलाच्या पुस्तकांवर कंत्राट क्रमांकही असतो आणि तो महत्त्वाचा, कारण त्याच मॉडेलचे दोन कंत्राटांतले संच आतून सारखेच असतील असं नाही.

चित्रांच्या यादीत शेवटची आकृती कितवी ते बघा आणि पुस्तकात शेवटची कितवी ते. यादी ३१२ ला संपते आणि पुस्तक ३०६ ला, तर सहा आकृत्या गेल्या, आणि त्या बहुधा सगळ्यात मोठ्या. घडीच्या पानांना पुष्कळदा पानक्रमांक नसतो, त्यामुळे ‘सगळी पानं आहेत, मी मोजली’ हे विक्रेत्याचं म्हणणं खरं असूनही उपयोगाचं नसतं. शिवणीजवळ एखाद्या सेंटीमीटरची कागदाची पट्टी उरलेली दिसली तर तिथे पान होतं आणि ते कापलं गेलं. मोठी सर्किटं चौकटीत घालून शोभेला विकली जातात, हेही लक्षात असू द्या.

सुटी पानं असलेल्या मॅन्युअलांत सुरुवातीला चालू पानांची यादी असते: कुठलं पान मूळ, कुठलं कितव्या सुधारणेतलं. बदललेल्या पानाच्या पायाशीही सुधारणेची तारीख किंवा क्रमांक छापलेला असतो. यादी तिसऱ्या सुधारणेची आणि आतली पानं पहिल्या सुधारणेची, अशी खिचडी नेहमी सापडते, कारण कारकुनाने यादी बदलली आणि पानं घालायची राहून गेली. ब्रिटिश एपीत पुढे एक तक्ता असतो, प्रत्येक सुधारणा कुणी घातली त्याची सही आणि तारीख. तक्ता भरलेला पण पानं जुनीच, हेही होतं. अशी प्रत टाकाऊ नाही, पण तिला ‘पूर्ण’ म्हणून भाव देऊ नका. उलट सुधारणेत गळलेलं जुनं पान कुणी मागे खोचून ठेवलं असेल तर ते जपा. युनिटने नियमाप्रमाणे नष्ट करायचं ते हेच पान, म्हणून तेच दुर्मिळ.

छपाई सुवाच्य का हवी, ते कळायला ५८४ मधलाच एक आकडा बघा. २,००० यार्डांपर्यंत जाऊन परत यायला रडारच्या स्पंदाला सुमारे १२.२ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे ८२ हजार आवर्तनं. या रडारची स्पंदसंख्या सेकंदाला १,७०७ आहे. १,७०७ ला ४८ ने गुणा, ८१,९३६ येतात. १,७०७ हा वरवर अर्धवट दिसणारा आकडा असा थेट यार्डांच्या मोजपट्टीशी जुळतो. पण छपाई पुसट असेल किंवा स्कॅन खराब असेल आणि १,७०७ चे १,७०१ दिसले, तर सगळा हिशेब चुकतो आणि चूक कुठे आहे तेही कळत नाही. रडारच्या मॅन्युअलात सुवाच्यता ही शोभेची बाब नाही, ती अशी.

गुप्ततेच्या शिक्क्यांना घाबरायचं किती? ‘रिस्ट्रिक्टेड’ हा वर्ग अमेरिकेने १९५३ मध्ये रद्द केला, त्यामुळे युद्धकालीन बहुतेक मॅन्युअलांवर तो छापलेला दिसला तरी आज त्याला अर्थ नाही. ‘कॉन्फिडेन्शियल’ छापलं असेल तर वर्गीकरण काढल्याचा शिक्का किंवा पेनाने मारलेली रेघ, आदेश आणि तारीख शोधा. युद्धकाळातल्या टीएममध्ये यंत्र नष्ट करण्याची सूचनाही असते: का, केव्हा आणि कसं. कसं याखाली घण, कुऱ्हाड, पेट्रोल, हातबॉम्ब आणि शेवटी खंदकात पुरा, ओढ्यात फेका, विखरून टाका, असा क्रम. हे पान जागेवर आहे का तेही तपासून घ्या, कारण संग्राहक तेवढंच सुटं विकत घेतात.

हे झालं परक्या आणि जुन्या कागदांचं. भारतीय सैन्यदलांचा शिक्का असलेलं, कितीही जुनाट दिसणारं कागदपत्र मात्र रद्दीतून उचलू नका. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चं कलम ५ असे कागद जवळ बाळगण्यालाही लागू होऊ शकतं, आणि ‘जुन्या बाजारात मिळालं’ हा बचाव नाही. तसंच, अलीकडच्या अमेरिकी मॅन्युअलांवर वितरण मर्यादित असल्याचं आणि शस्त्र निर्यात कायद्याचा इशारा देणारं वाक्य असतं. ते दिसलं की सौदा सोडा. १९६० च्या अलीकडे सरसकट न आल्यास हा घोळ टळतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात रडारची मॅन्युअलं मिळतील या आशेवर राहू नका. तिथे फार तर व्हॉल्व्हची माहितीपत्रकं हाती लागतील. खरेदी परदेशी लिलावातूनच होणार. तिथे ‘पुनर्मुद्रण’ आणि ‘सीडीवर’ हे शब्द बारीक अक्षरात असतात. पुनर्मुद्रणात घडीची पानं सहसा छोट्या आकारात दाबून छापलेली असतात आणि प्रतिरोधांचे आकडे भिंगातूनही लागत नाहीत. पार्सलच्या कागदावर ‘जुनी छापील पुस्तके’ असंच लिहायला सांगा. नुसतं ‘मिलिटरी रडार’ लिहिलं की पेटी उघडून प्रश्न सुरू होतात. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लागलं. मागवताना चालू दर बघून घ्या. पुठ्ठ्याच्या दोन ताठ तुकड्यांमध्ये, आत पॉलिथिन, अशी बांधणी आधीच मागा.

आता समुद्राजवळचा पावसाळा. गंमत अशी की त्या काळच्या यंत्रांना ओल आणि बुरशीपासून वाचवायला खास वार्निश मारत, मॅन्युअलांत त्याच्या सूचनाही आहेत, पण मॅन्युअल स्वतः युद्धकाळातल्या लाकडी लगद्याच्या आम्लयुक्त कागदावर. तो पिवळा पडणार, कडेला ठिसूळ होणार. ते थांबत नाही, फक्त हळू करता येतं.

नवीन आलेली प्रत आधी इतरांपासून वेगळी ठेवा. कसर किंवा किड्यांची शंका असेल तर दुहेरी पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर हवेतली ओल थंड कागदावर बसेल. बुरशी ओली असताना पुसायची नाही, ती कागदात भिनते. कोरड्या हवेत सुकू द्या, मग तोंडाला एन९५ मास्क लावून, उघड्यावर, मऊ ब्रशने झाडा. डांबराच्या गोळ्या नकोत. त्या बुरशीला रोखत नाहीत आणि वास मात्र कायमचा कागदात राहतो.

गंजलेल्या पिना ओढून काढू नका. मागून पातळ पट्टीने टोकं सरळ करा आणि मग पुढून उचला. त्या जागी पांढरा सुती धागा. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी कधीच नको. काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन पुढच्या पानावर उतरतो. मागच्या बाजूने जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, वर शोषकागद आणि वजन, रात्रभर. फाटतं ते नेहमी दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथे, म्हणून तिथे फाटायच्या आधीच बोटाएवढा तुकडा लावलेला बरा.

साठवायला रबरी कडेचं घट्ट झाकण असलेला डबा, आत छोटं आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. २० लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम पुरतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर दोन तास भाजून परत वापरा. मापक ४५ ते ५५ टक्के दाखवतोय तोवर ठीक, ६५ च्या वर दोन-तीन दिवस राहिला तर बुरशीचा धोका. पावसाच्या बाजूच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट सगळ्यात वाईट जागा. पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं नकोत, पॉलिएस्टरची घ्या.

स्कॅन लगेच करून घ्या, म्हणजे मूळ प्रत वारंवार उघडायला लागणार नाही. मजकूर ३०० डीपीआय, सर्किटं ४०० ते ६००, आणि काळं-पांढरं नव्हे, करड्या छटांत. घडीचं पान सपाट केल्याशिवाय दाबू नका. ए३ स्कॅनरवर तुकड्यांत घ्या, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर चार-पाच सेंटीमीटर चढलेला. पीडीएफ करताना मजकूर ‘हुशारीने’ आवळणारा पर्याय बंद ठेवा. काही कार्यालयीन यंत्रं सारख्या दिसणाऱ्या आकड्यांच्या जागी एकच ठसा वापरून ६ चा ८ करतात, हे २०१३ मध्ये उघड झालं. पत्रव्यवहारात ते खपून जाईल, ६८ किलोओहमच्या जागी ८८ आलं तर नाही. अमेरिकी सरकारने तयार केलेल्या मजकुरावर तिथे स्वामित्वहक्क नसतो आणि ब्रिटिश क्राऊन कॉपीराइट प्रकाशनानंतर ५० वर्षांचा, त्यामुळे या काळातली सरकारी मॅन्युअलं स्कॅन करून इतरांना द्यायला अडचण नाही. फाईलच्या नावात क्रमांक, तारीख आणि कितवी सुधारणा हे तिन्ही घाला, आणि किती घडीची पानं सापडली तो आकडाही.