डोळे थकणं वेगळं, बिघडणं वेगळं

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी डोळे चुरचुरतात, लॅपटॉपवरून मान वर केली की लांबचं क्षणभर धूसर दिसतं, म्हणून निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ का, असं विचारलंस. नको घेऊस. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने अशा चष्म्यांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. निदान थोड्या काळापुरता तरी डोळ्यांचा ताण त्यांनी कमी होतो असं दिसलं नाही. ते पैसे नीट तपासणी करून घ्यायला वापर.

एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा आपल्या पापण्या मिटतात. स्क्रीनकडे टक लावली की हे प्रमाण बरंच घटतं, आणि मिटतात त्याही अर्धवट. अश्रूंचा थर सुकतो, म्हणून चुरचुर. कोरड्या डोळ्यांतून पाणी येतं तेही त्यामुळेच. स्क्रीन नजरेच्या थोडी खाली ठेव, पंख्याचा झोत तोंडावर नको. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघ. धूसर दिसतं ते बहुधा जवळचं पाहून आखडलेला स्नायू सैल व्हायला वेळ घेतो म्हणून. पण नंबर विशीतही वाढतो, तेव्हा अंदाज बांधत बसू नकोस. छोटासा सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा गोल नसल्याने लागणारा) राहून गेला तरी डोकं दुखतं आणि आपण ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ म्हणत बसतो.

इथवरचा सगळा थकवा. मला काळजी आहे ती डोळे चोळायच्या तुझ्या सवयीची. सतत जोरात चोळल्याने केरॅटोकोनस होण्याचा किंवा वाढण्याचा धोका असतो: बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, आणि हे सहसा तुझ्याच वयात सुरू होतं. दर तपासणीला सिलिंड्रिकल नंबर बदलत असेल तर कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करायची का, हे स्वतःहून विचार. क्रॉसलिंकिंग या कॉर्निया घट्ट करणाऱ्या उपचाराने वाढ बहुतेकदा थांबते, गेलेला आकार मात्र परत येत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपायचं नाही, त्या नळाच्या पाण्याने धुवायच्या नाहीत. त्या पाण्यातला अकांथामीबा नावाचा सूक्ष्मजीव कॉर्नियाची वाट लावतो. मैत्रिणीचे उरलेले ड्रॉप्सही घालू नकोस. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली झटक्यात जाते आणि डोळ्याचा दाब गुपचूप वाढत राहतो.

अचानक काळे ठिपके तरंगू लागले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं किंवा पडदा सरकल्यागत अंधारलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठ. दुसऱ्या दिवशी पेपर असला तरी! ही दृष्टिपटल (डोळ्यातला मागचा पडदा) सुटत असल्याची खूण असू शकते, आणि मायनस नंबर मोठा असेल तर तो धोकाही जास्त.

तपासणीला जुना चष्मा आणि आधीच्या नंबरांचे कागद ने. लेन्स किती दिवस आधी बंद करायच्या, ते फोनवर विचारून घे. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास वाचता येणार नाही, तेव्हा सबमिशनच्या आदल्या दिवसाची वेळ घेऊ नकोस.

काय निघालं ते कळव.