पोहता येत नसेल तर व्हिटसंडे बेटांची सेलिंग-स्नॉर्कलिंग ट्रिप करावी का?

तुम्ही विचारलंय: ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला शिकताय, जुलैच्या सुट्टीत एकटेच बॅकपॅक घेऊन क्वीन्सलंडचा किनारा करणार आहात, एअर्ली बीच गावाहून व्हिटसंडे बेटांकडे सुटणारी दोन दिवस-दोन रात्रींची ग्रुप सेलिंग ट्रिप घ्यायची इच्छा आहे, पण धड पोहता येत नाही. शिवाय शाकाहारी आहात. जावं का?

जा. फक्त एक गोष्ट करा. बुकिंगच्या फॉर्मवर "मला पोहता येत नाही" असं लिहा आणि बोटीवर चढल्या चढल्या तेच तोंडीही सांगा. मी ते केलं नव्हतं, म्हणून आग्रहाने सांगतोय.

मी बार्शीचा. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. तेवढ्या भरवशावर फॉर्ममध्ये "पोहता येतं" यावर खूण केली. पण विहिरीतलं आमचं पोहणं म्हणजे डोकं कायम पाण्याच्या वर. स्नॉर्कलिंग याच्या नेमकं उलटं असतं: तोंड पाण्यात, नजर खाली आणि श्वास फक्त तोंडाने, नळीतून. यातल्या हूक बेटाच्या उत्तरेला मंटा रे बे ही खाडी आहे, तिथे मी छोट्या बोटीतून पाण्यात उतरलो आणि पहिल्याच मिनिटाला मास्कमध्ये पाणी शिरलं. नाकाने श्वास घ्यायला गेलो, घशात खारं पाणी गेलं, मान वर काढली तर नळी वाकडी झाली. खाली तळ दिसत होता, पण पाय टेकत नव्हते. हात-पाय मारत राहिलो तसा दम आणखी लागला. बोटीवरच्या क्रूतली एक मुलगी पहाऱ्यावर उभी होती. तिने माझ्याकडे धरून तरंगायची फोमची लांब नळी टाकली, ती मी काखेत धरली, तेव्हा कुठे श्वास जागेवर आला. वर आल्यावर ती न रागावता एवढंच म्हणाली, आधी सांगितलं असतंस तर तुला ही पहिल्यापासूनच दिली असती.

क्वीन्सलंडमध्ये या बाबतीत नियम कडक आहेत. तब्येतीबद्दल फॉर्म भरून घेतात, पाण्यावर नजर ठेवायला माणूस नेमलेला असतो, आणि ज्याला धोका जास्त त्याला तरंगायचं साधन देतात. पण धोका कुणाला आहे हे त्यांना तुमच्या उत्तरावरूनच कळतं. दमा, हृदयाचा त्रास, रक्तदाब, काहीही असेल तर लिहा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग केलं असेल तर आणखी जपा. तिथे आपण रिंगला धरून असतो आणि मालवणी पोऱ्या आपल्याला हाताला धरून फिरवतो. इथे तसं कुणी धरत नाही, तुमचे तुम्हीच.

आता मास्कचं. माझ्या मास्कमध्ये पाणी शिरायचं कारण होतं मिशी. नाकाखाली रबराची कड त्वचेला बसायला हवी, केसांमधून पाणी झिरपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाकाखालची बोटभर पट्टी कात्रीने बारीक केली आणि गळती जवळपास थांबली. माप बघायची पद्धत सोपी आहे: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलकेच हवा आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. केसांची एखादी बट आत अडकली तरी पाणी येतं, त्यामुळे लांब केस नीट मागे घ्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही लँगफोर्ड बेटाला गेलो. तिथे ओहोटीला वाळूचा पांढरा पट्टा उघडा पडतो. माझ्यासारख्याला हीच जागा योग्य, कारण कंबरभर पाण्यात उभं राहून सुरुवात करता येते. मी फोमची नळी छातीखाली घेतली, तोंड पाण्यात घातलं आणि नुसता श्वास मोजत राहिलो. खाऱ्या पाण्यात अंग आपोआप तरंगतं, हे त्या दिवशी अंगाला कळलं. मग कान उघडले. पाण्याखाली सतत एक कुरकुर ऐकू येत होती, कुणीतरी खडीसाखर चावत असल्यासारखी. बघतो तर निळा-हिरवा पॅरटफिश चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होता. थोड्या वेळाने मागून पांढरी पूड सोडून गेला. प्रवाळ खाऊन त्याची वाळू करणारा मासा हाच. मी दहा मिनिटं त्याच्याच मागे होतो.

एक अपेक्षा मात्र आधीच सोडा. दोन दिवसांच्या सेलिंग बोटी बहुतेक बेटांच्या कडेच्या प्रवाळावरच नेतात. ग्रेट बॅरियर रीफची बाहेरची भिंत तिथून खूप पुढे समुद्रात आहे. शिवाय मार्च 2017 मध्ये डेबी चक्रीवादळ थेट एअर्ली बीचजवळ किनाऱ्यावर आलं आणि मंटा रे बेसारख्या जागांच्या प्रवाळाचं फार नुकसान झालं. नवी वाढ होतेय, पण मोडक्या फांद्यांचे ढीगही दिसतात. जाहिरातीतला फोटो मनात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. तिथल्या प्रवाळावर चुकूनही उभं राहू नका. धाप लागली तर उताणे होऊन तरंगा.

जुलैचं म्हणाल तर वेळ चांगली निवडलीत. जेलीफिशचा मुख्य हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे असतो. तरीही ते देतील तो अंगभर सूट घालाच. पाणी बावीस अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याला गारच, आणि सूटने ऊबही राहते. हंपबॅक देवमासे याच दिवसांत पिल्लांसाठी अंटार्क्टिककडून इकडे येतात. आम्हाला लांबून एकाचा फवारा दिसला, तेवढ्यानेही सगळ्या बोटीवर आरडाओरडा झाला.

जुलैत आग्नेयेचा वारा जोरात असतो, त्यामुळे सेलिंगची मजा खरी. शीड चढवायला प्रवाशांनाच दोरीवर लावतात. बोट कलली की सगळ्यांनी वरच्या कडेला, पाय बाहेर सोडून बसायचं, आणि दिशा बदलली की धावत दुसऱ्या कडेला. ओळखी तिथेच होतात, एकटे आहात याची काळजी नको. मळमळण्याची गोळी बोट सुटायच्या आधी घ्या, सुटल्यावर नव्हे. आणि खाली केबिनमध्ये मोबाईल बघत बसू नका, वर क्षितिजाकडे बघत बसा.

व्हाइटहेवन बीचबद्दल सगळे बोलतात, ते खरं आहे. सात किलोमीटर वाळू, जवळजवळ शुद्ध सिलिका, भर उन्हातही पायाला चटका बसत नाही. तिथल्या हिल इनलेट खाडीतले पांढरे-निळे पट्टे वरून बघायचे असतील तर ओहोटीच्या सुमारास टेकडीवर चढा. वाळू बरोबर आणायला बंदी आहे.

पण मला जास्त आठवते ती नारा इनलेट नावाच्या खाडीतली रात्र. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये निवांत पाणी, तिथे नांगर टाकला होता. वर खडकात न्गारो लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची जागा आहे, भिंतीवर चित्रं आहेत. हे लोक या बेटांमध्ये सुमारे नऊ हजार वर्षांपासून होड्या घेऊन फिरत आलेत. डेकवर गादी टाकून आडवा झालो तर वृश्चिक अगदी डोक्यावर. बार्शीला गच्चीवरून दक्षिणेला खाली दिसणारा तो विंचू इथे नांगी पसरून माथ्यावर आला होता. ध्रुव तारा कुठेच नाही. घर किती लांब आहे हे नकाशाने कधी इतकं जाणवलं नव्हतं.

जेवणाचं: शाकाहारी असल्याचं बुकिंगमध्ये लिहा आणि आदल्या दिवशी ऑफिसात परत आठवण करा, कारण सामान तेव्हाच भरतात. मला पास्ता, सॅलड, भाज्यांचे रॅप मिळाले, पोट भरलं. खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी जवळ ठेवा. बॅग मऊ, छोटी, चाकांची नको. गोडं पाणी बोटीवर मोजकं असतं, अंघोळ मिनिटभराची.

तुमच्याकडे अजून तीन आठवडे आहेत. एक स्वस्तातला मास्क आणि स्नॉर्कल घ्या, गरम पाण्याच्या पूलमध्ये उथळ बाजूला जा. पहिल्या दिवशी काठ धरून फक्त तोंड पाण्यात आणि श्वास. दुसऱ्यांदा नळीत मुद्दाम पाणी भरू द्या आणि "फू" करून जोरात उडवा, वीस वेळा. तिसऱ्यांदा काठ सोडा. हे तीन दिवस केलेत तर मंटा रे बेला पाणी गिळायची वेळ येणार नाही. पूलमध्ये एकटे जाऊ नका, मित्राला बरोबर घ्या. अडलं तर इथेच खाली लिहा, मी उत्तर देईन.