पॅरामीटराइज्ड टेस्टमध्ये किती केसेस कोंबाव्यात?

पायटेस्ट म्हणजे पायथनचा कोड तपासायचं टूल, आणि पॅरामीटराइज्ड टेस्ट म्हणजे तक्त्यातल्या प्रत्येक ओळीसाठी तीच टेस्ट पुन्हा चालवणं. तुमच्या अशा एकाच टेस्टला साठ ओळींचा तक्ता लागलाय, तो कुणालाच वाचता येत नाही, मग तोडायचा कुठे, असा तुमचा प्रश्न. टेस्टच्या आत पहिला 'इफ' (म्हणजे 'असं असेल तर हे, नाहीतर ते' अशी अट) घुसला असेल तिथे तोडा.

ऐरोलीत नोकरीला असताना तिकिटाच्या भाड्यावर असाच तक्ता मीच रचला होता. शेवटी 'एरर यावी का' असा ट्रू-फॉल्सचा रकाना, आणि त्यावरून टेस्टमध्ये दोन वाटा. रिलीजच्या आदल्या रात्री 'पॅसेंजर27' लाल झालं, म्हणजे ती ओळ नापास. आता हा सत्ताविसावा पॅसेंजर कोण? ओळीत साध्या आकड्याऐवजी ऑब्जेक्ट दिला आणि ओळीला नाव दिलं नाही, की पायटेस्ट नुसता नंबर चिकटवतं, तोही शून्यापासून. मी अर्धा तास वरचीच ओळ तपासत बसलो. ठाण्याची शेवटची गाडी गेली, रिक्षाचे पैसे गेले ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी तक्ता फोडला. लोकलला पाच वर्षांखाली फुकट, पाच ते बाराच्या आत अर्धं, पुढे पूर्ण तिकीट. त्याला चार ओळी पुरतात: 4, 5, 11, 12. सात, आठ, नऊ वर्षांची पोरं घालून फक्त गर्दी होते, कारण कोड चुकतो तो काठावर, 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा कमी किंवा समान' यांत. वय उणे आलं तर एरर, हा वेगळा नियम. त्याची टेस्टही वेगळी.

अपेक्षित रक्कम मात्र हाताने लिहा. टेस्टमध्येच 'भाडं भागिले दोन' केलंत, तर पंधराच्या अर्ध्याचं राउंडिंग कोडमध्ये चुकलं तरी टेस्टही तसंच चुकेल आणि सगळं हिरवं दिसेल.

ओळींची नावं 'पायटेस्ट डॉट पॅरम'च्या (तक्त्यातली एक ओळ लिहायची सोय) आयडीत द्या: 'बारा पूर्ण, सवलत संपली' असं काहीतरी. (देवनागरीत दिलीत तर टर्मिनलवर नुसते युनिकोडचे आकडे दिसतात. ते बंद करायची सेटिंग आहे, पण तिचं नाव इतकं लांबलचक आणि धमकीवजा आहे की आमच्या टीमने मुकाट्याने रोमन लिपी धरली.)

तुमच्या साठ ओळींना आधी अशी नावं देऊन बघा. ज्या ओळीला वेगळं नाव सुचत नाही, ती बहुधा दुसऱ्या ओळीचीच नक्कल असते, उडवा. माझ्या चाळीसच्या अकरा उरल्या होत्या.