वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर लक्ष्य किती किलोचं ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची शस्त्रक्रिया) होऊन सात महिने झाले, उंची १५७ सेंटिमीटर, ११८ किलोवरून ९२ वर आलात आणि तीन आठवडे काटा तिथेच अडलाय. तक्त्यात तुमच्या उंचीसमोर ५७ लिहिलंय, आणि सासूबाई रोज विचारतात, "अजून किती राहिलं?" लक्ष्य काय धरावं आणि सवयी कोणत्या लावाव्यात, हा तुमचा प्रश्न.

मी गोव्यातल्या फोंड्याची. माझी स्लीव्ह होऊन पाच वर्षं झाली. उंची १६०, वजन १२४ होतं. चौदाव्या महिन्यात ८३ वर आले, आज ८८ आहे.

आधी ते ५७ डोक्यातून काढा. तो आकडा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, २३ धरून आलाय. आपल्या भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा तिथे आखतात. शस्त्रक्रियेनंतर तुमचं शरीर कुठे थांबेल, हे ती रेषा सांगत नाही. त्यासाठी हिशेब तुमच्या स्वतःच्या सुरुवातीच्या वजनापासून करायचा. बीएमआय २५ म्हणजे तुमच्या उंचीला साधारण ६२ किलो. ११८ मधून ६२ गेले, उरले ५६. हे तुमचं जास्तीचं वजन. स्लीव्हनंतर त्यातलं ५० ते ७० टक्के उतरलं तर शस्त्रक्रिया चांगली लागू पडली असं मानतात. म्हणजे २८ ते ३९ किलो, म्हणजेच तुम्ही ७९ ते ९० च्या मध्ये कुठेतरी स्थिरावाल. २६ तर आत्ताच गेलेत, आणि वजन सहसा बारा ते अठरा महिन्यांपर्यंत उतरत राहतं. तुमच्या जागी मी असते तर एक आकडा न धरता ८० ते ८८ असा पट्टा धरला असता, आणि तोही डॉक्टरांना दाखवून.

हे मी इतकं ठासून सांगते, कारण मी स्वतः फ्रिजच्या दारावर ६४ लिहिलेला कागद चिकटवला होता. ८३ वर काटा थांबला तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून रडले. ४१ किलो उतरले होते, रक्तदाबाची गोळी बंद झाली होती, आणि मी रडत होते त्या उरलेल्या १९ किलोंसाठी! पुढे ८३ चे ८८ झाले तेव्हा तर सगळं हातचं गेलं असंच वाटलं. नंतर समजलं की तळ गाठल्यावर थोडं वजन परत येणं हे बहुतेकांचं होतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं: पोटाची बायपास (वजन कमी करण्याची दुसरी शस्त्रक्रिया) केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात खाली गेलं, मग काहीसं चढलं, आणि दहा वर्षांनी मूळ वजनापेक्षा सुमारे २५ टक्के कमी होतं. माझं आज २९ टक्के कमी आहे. तो कागद मी कधीच फाडून टाकला.

काटा अडलाय त्याचं सांगते. माझाही सहाव्या महिन्यात जवळजवळ चार आठवडे अडला होता. त्याच महिन्यात चतुर्थीसाठी बांगड्या भरायला गेले. कासारणीनं माझा हात दाबून पाहिला, हातातल्या दोन-आठच्या बांगड्या बाजूला ठेवल्या आणि दोन-चारच्या काढल्या. काटा हलला नव्हता, हात मात्र बारीक झाला होता. म्हणून काट्यावर आठवड्यातून एकदाच चढा, ठरलेल्या वारी, सकाळी. आणि महिन्यातून एकदा टेपनं कंबर मोजा.

किलोंखेरीज दुसरीही लक्ष्यं लिहून ठेवा. माझी दोन होती: आमच्या जवळची फर्मागुडीची चढण न थांबता चढायची, आणि आरतीला जमिनीवर बसून हाताचा टेकू न घेता उठायचं. पहिलं नवव्या महिन्यात जमलं, दुसऱ्याला दीड वर्ष लागलं.

आता सवयी. स्लीव्हमध्ये पोटाचा जो भाग काढतात, तिथेच भुकेचं संप्रेरक जास्त तयार होतं. म्हणून पहिलं वर्ष भूक फारशी लागत नाही. पुढे ती परत येते. आज भूक नाही तोवर हाताला जी सवय लागेल, ती तेव्हा उपयोगी पडेल.

आमच्याकडे पान वाढलं की आधी भात, त्यावर हुमण, म्हणजे माशांची आमटी. मी हा क्रम उलटा केला. आधी बांगड्याचा तुकडा, काटे काढत, सावकाश. मग भाजी. उकड्या तांदळाचा भात शेवटी, छोट्या वाटीत दोन-तीन चमचे, तोही जागा असेल तर. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. शंभर ग्रॅम बांगड्यात १९-२० मिळतात, एका अंड्यात ६. सोमवारी-गुरुवारी शिवराक (शाकाहारी जेवण) असतं तेव्हा हिशेब चुकतो, म्हणून त्या दिवशी पनीर, मूग आणि सोया आदल्या रात्रीच काढून ठेवते.

जेवताना पाणी नाही, आणि सगळ्यात जड गेलं ते म्हणजे सोलकढीही नाही. जेवणानंतर अर्ध्या तासानं घेते. पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकला की पोई (आमच्याकडचा गव्हाचा पाव) आजही घेते, पण अर्धी, आणि अंड्याबरोबर. मऊ ताजा पाव घशाखाली चिकटून बसायचा, भाजून खाल्ला की उतरतो.

खरा धोका मला जेवणाच्या पानावर नाही, दुपारी चार वाजता दिसला. फरसाण, आईस्क्रीम, नेवरीचा (करंजीचा) तुकडा. हे सगळं लहान पोटातूनही सहज सरकतं, पोट भरल्यासारखं होतच नाही. माझे पाच किलो तिथूनच परत आले. चतुर्थीत आता मी एक नेवरी पानावर, जेवणाबरोबरच घेते. मावशी दुसरी वाढायला आली की "संध्याकाळी घेते" म्हणते. ती रागावत नाही. दारू घेत असाल तर जपा: शस्त्रक्रियेनंतर ती फार लवकर चढते, आणि सवय लागायची भीतीही वाढते.

गोळ्या जन्मभर. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास सोडा. दुसऱ्या वर्षी बरं वाटतंय म्हणून मी बी-१२ सोडलं, आणि काही महिन्यांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. इंजेक्शनं घ्यावी लागली. केस गळत असतील तर घाबरू नका, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेकांचे गळतात आणि परत येतात. प्रथिनं आणि लोह तेवढं तपासा. आणि उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर घरी वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सासूबाईंना "अजून किती"चं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. मी माझ्या सासूबाईंना घेऊन फर्मागुडीची चढण चढले, वर पोचल्यावर त्यांनाच दम लागला होता. नंतर त्यांनी वजनाचं विचारलं नाही.