मुलाचा सुळा टाळूत अडकलाय, डॉक्टर छोटं ऑपरेशन सांगतात. तो सुईला फार घाबरतो. पूर्ण भूल द्यावी का?

"पूर्ण भूल" वाचलं आणि आमच्या वन्सं आठवल्या, म्हणून लिहितेय.

माझ्या लेकीचाही वरचा सुळा असाच टाळूकडे आडवा होता. तेरावं सरलं तरी दुधाचा सुळा हलेना, तेव्हा ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला. दात काढायचा नव्हताच. हिरडी उघडून दाताला बटण चिकटवायचं, त्याला बारीक साखळी, आणि मग तारेने महिनोन्महिने ओढून रांगेत आणायचा. पण पोरगी रक्त तपासायला नेलं तरी पांढरीफटक पडायची. वन्सं म्हणाल्या, "तिला काही सांगूच नकोस. आइस्क्रीम खायला चाललोय म्हण. नाहीतर सरळ झोपवा." त्यांच्या मुलाची दाढ चौघांनी धरून काढली होती. तो आता कॉलेजात आहे आणि अजून दातांच्या दवाखान्याची पायरी चढत नाही. हे काढलं की वन्संना राग येतो.

आम्ही तिला सगळं सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "टोचेल. मग दुखणार नाही, पण दाबल्यासारखं, ओढल्यासारखं वाटेल. हात वर केलास की मी थांबणार." (टाळूतलं इंजेक्शन दुखतंच. नाही म्हणणारा थापा मारतो.) आधी जेल लावली, मग सुई अगदी सावकाश. पोरीने लगेच हात वर केला. बाई थांबल्या. थोड्या वेळाने पुन्हा केला, उगाच, खरंच थांबतात का बघायला. थांबल्या. मग हात पोटावरच राहिला.

आइस्क्रीम दिलं, पण बधिरपणा उतरल्यावर. आधी दिलं तर पोरं स्वतःचाच ओठ चावतात.

तेव्हा पूर्ण भुलीआधी नायट्रस ऑक्साइडची, म्हणजे भीती कमी करणाऱ्या गॅसची सोय आहे का विचारा. नाकावर मास्क लावतात, मूल जागं राहतं, गॅस बंद केला की काही मिनिटांत उतरतो. सर्दीने नाक चोंदलं असेल तर मात्र उपयोग नाही. पूर्ण भूल वाईट नाही. दात खूप खोल असेल किंवा मूल तोंडच उघडू देत नसेल तर घ्यावीच लागते, उपाशीपोटी, भूलतज्ज्ञासमोर. दमा किंवा फिट येत असतील तर ते आधीच सांगा.

आणि "काही होत नाही रे" म्हणणारं कुणी त्या दिवशी सोबत नेऊ नका. वन्सं, वाचत असाल तर हो, तुम्हालाच म्हणतेय.