पाकीट हातात देण्याआधी

बाळ,

उपकेंद्रात रुजू झालीस, बरं वाटलं. पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं विचारलंस म्हणून लिहिते. गोळी कशी घ्यायची ते तू सांगशीलच. पण अंगावरून किती आणि कधी जाईल हे आधी सांगितलं नाहीस, तर बाई दुसऱ्याच महिन्यात गोळ्या सोडते.

माला-एनचं पाकीट तिच्यासमोर उघड. एकूण २८ गोळ्या. पहिल्या २१ संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या, वेगळ्या रंगाच्या शेवटच्या ७ लोहाच्या. संप्रेरकं चालू असेपर्यंत सहसा बीजांड सुटत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. २१ संपल्या की दोन-तीन दिवसांत तेच अस्तर गळतं. ही पाळी गोळ्यांनी आणलेली. अस्तरच पातळ, म्हणून रक्त कमी आणि बहुतेकींचं पोटही कमी दुखतं. घरात कुणीतरी म्हणणारच, "घाण रक्त आत साठतंय." काही साठत नाही, मुळात तयारच कमी होतं. पण हे सासूला बसवून समजवायला जाऊ नकोस, आधी त्या बाईला विचार. कितीतरी जणी घरी न सांगता गोळ्या घेतात.

पहिले दोन-तीन महिने मधेच डाग लागतात. घाबरून गोळी बंद करायची नाही, रोज ठरल्या वेळी घ्यायची. त्यानंतरही डाग लागत राहिले तर गोळ्या चुकतात का ते विचार. टीबीचं औषध किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत का तेही विचार. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनने या गोळीचा असर कमी होतो. मग डॉक्टरांकडे पाठव.

खरा घोटाळा पाकीट बदलताना होतो. "अजून जातंय, थांबलं की नवीन सुरू करते," असं कुणी म्हणाली की तिथेच थांबव तिला. २८ संपल्या की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट, अंगावरून जात असो वा नसो. संप्रेरकांच्या गोळ्यांत सात दिवसांहून जास्त खंड पडला की बीजांड सुटू शकतं आणि दिवस जातात. लोहाची गोळी चुकली तर एवढं बिघडत नाही, पण ती सवय मोडू देत नाही म्हणून घ्यायला सांग.

एखाद्या महिन्यात पाळी आलीच नाही आणि गोळ्या नेमाने घेतल्या असतील, तर बहुधा काळजीचं नसतं. गोळ्या चुकल्या असतील किंवा लागोपाठ दोनदा आली नाही, तर दिवस गेलेत का ते बघायला लघवीची तपासणी कर.

छाया ही पाळणा लांबवायचीच गोळी, पण वेगळी. तिच्यात संप्रेरक नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिने पाळी लांबते, हे आधीच सांगून ठेव. अंगावर पाजणाऱ्या बाईला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत माला-एन देऊ नकोस, छाया चालते. माला-एन देण्याआधी बीपी बघच.

आणि लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेणाऱ्या भेटतील. त्या गोळ्यांवर पाळणा लांबवायची भिस्त ठेवायची नाही, हे त्यांना न विचारताच सांग.

तुझी,
जुनी सिस्टर