जुन्या लॅपटॉपवर साडेआठ हजार घालावेत की नवा हप्त्यांवर घ्यावा?

नाशिकच्या इंदिरानगरमधील एक वाचक भगिनी घरून छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटी विवरणपत्रे करतात. मिळकत महिना ३५,००० रुपये, घरखर्च २४,००० आणि अडीअडचणीसाठी ठेवलेले ७०,००० रुपये. २०१९ मध्ये घेतलेला लॅपटॉप (आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क, विंडोज १०) आता फार रखडतो. ६२,००० रुपयांचा नवा लॅपटॉप १२ बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावा, की दुकानदार म्हणतो तसे ८,५०० रुपयांत एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तिच्याहून वेगवान साठवण) आणि ८ जीबी रॅम बसवून घ्यावी, असे त्या विचारतात.

आपण जुनाच लॅपटॉप सुधारून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडताना टास्क मॅनेजरमध्ये (यंत्राच्या कोणत्या भागावर किती ताण आहे हे दाखवणाऱ्या खिडकीत) डिस्कसमोर बराच वेळ १०० टक्के दिसते आणि प्रोसेसरचा आकडा मात्र खालीच राहतो, असे आपण लिहिले आहे. म्हणजे काम अडते ते डिस्कपाशी. शिवाय रॅम अपुरी पडली की विंडोज तिचा भार पुन्हा त्याच डिस्कवर टाकते. हे दोन्ही भाग बदलता येण्याजोगे असताना संपूर्ण यंत्र बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

माझ्या दृष्टीने निर्णायक बाब वेगळीच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि ज्या यंत्रात ग्राहकांचे पॅन व बँकेचे तपशील असतात, ते सुरक्षा अपडेटविना चालवणे योग्य नाही. आठव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ ला साधारणपणे चालतात, त्यामुळे या खर्चाला पुढे आयुष्य आहे; प्रोसेसर सातव्या पिढीचा असता, तर मी बहुधा उलट सल्ला दिला असता. पैसे देण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक या ॲपमध्ये आपले यंत्र विंडोज ११ साठी पात्र ठरते का, ते अवश्य पाहावे.

साडेआठ हजारांत दोन वर्षे निघाली, तर महिन्याला सुमारे ३५४ रुपये पडतात. नवा लॅपटॉप पाच वर्षे चालला, तरी १,०३३ रुपये. त्यातही पहिले वर्षभर ५,१६७ रुपयांचा हप्ता आपल्या ११,००० रुपयांच्या शिलकीतला जवळजवळ निम्मा भाग घेईल, आणि राखीव रक्कम आधीच तीन महिन्यांच्या खर्चाहून कमी आहे. बिनव्याजी हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि हप्त्यात आत धरलेल्या व्याजाच्या भागावरील जीएसटी बहुधा ग्राहकाकडूनच घेतला जातो, आणि रोखीची सवलत हातची जाते. नव्या लॅपटॉपवर घसाऱ्याची (वापराने घटणाऱ्या किमतीची) करसवलत मिळेल, असे कारण मनात असेल, तर तेही तपासून घ्यावे; आपण अनुमानित उत्पन्न योजनेत (जमेच्या ठरावीक टक्क्याने उत्पन्न धरण्याच्या पद्धतीत) विवरणपत्र भरत असाल, तर घसारा वेगळा मागता येत नाही.

रॅमची जागा मोकळी आहे की रॅम बोर्डावरच जोडलेली आहे, हे दुकानदाराने लॅपटॉप उघडून दाखवल्यावरच व्यवहार ठरवावा आणि दोन्ही भागांच्या वॉरंटीचे पक्के बिल घ्यावे. जुनी हार्ड डिस्क दुकानात ठेवू नये, कारण तिच्यात इतरांची आर्थिक माहिती आहे. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर ती मात्र लगेच बदलावी.

वाचलेल्या शिलकीतून महिना २,५०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडल्यास दोन वर्षांत ६०,००० रुपये अधिक व्याज जमेल आणि पुढचा लॅपटॉप रोखीने घेता येईल. लॅपटॉप सुधारण्याचे काम महिन्याच्या २० तारखेनंतर, जीएसटीआर-३बी (महिन्याच्या कराचे विवरणपत्र) भरून झाल्यावर करून घ्यावे, म्हणजे पुढच्या ११ तारखेच्या जीएसटीआर-१ (विक्रीच्या तपशिलाचे विवरणपत्र) पूर्वी काही बिघाड निघालाच, तर दुरुस्तीला पुरेसे दिवस हाती राहतील.